कळा सुरू होण्याआधी विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस



म्हसवडहून हे पत्र लिहिते आहे. साताऱ्याच्या स्टँडवरून निघालेली एसटी कोरेगाव, वर्धनगडचा घाट, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले करत आमच्या गावात पोचेपर्यंत तीनेक तास जातात. गाव जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. खाली सांगलीची आटपाडी, पलीकडे सोलापूरचे माळशिरस आणि सांगोला. हे अंतर आधीच सांगून ठेवते, कारण ज्या बायकांसाठी लिहिते आहे त्यांचा जीव बऱ्याचदा याच रस्त्यावर टांगणीला लागतो.

विषय आहे रक्त न थांबण्याच्या आनुवंशिक आजारांचा. त्यातही असा आजार असलेल्या बाईचं बाळंतपण किंवा ऑपरेशन निघतं तेव्हाचा. मी डॉक्टर नाही. अशा घरांत माझी ये-जा आहे, त्यांचे कागद वाचून दाखवायची वेळ माझ्यावर येते, आणि त्यातून जे समजून घेतलं ते आपल्यापुढे ठेवते आहे.

आधी जे चांगलं झालं ते. राज्यात हिमोफिलियाची डे-केअर केंद्रं सुरू झाली तेव्हा ठाणे, नाशिक, अमरावतीबरोबर साताऱ्याचाही पहिल्या यादीत समावेश होता. क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयातल्या या केंद्रात रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरची इंजेक्शनं मोफत मिळतात. ज्या पोरांचे गुडघे रक्त साठून दगडासारखे व्हायचे, ती आज शाळेत चालत जातात. माणदेशातल्या आयांनी पूर्वी या औषधासाठी दागिने मोडलेले आहेत, त्यामुळे या केंद्राची किंमत आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

पण हे केंद्र मुलगा डोळ्यांपुढे ठेवून उभं राहिलं. हिमोफिलिया म्हणजे फॅक्टर ८ किंवा ९ कमी असणं, तो मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो, एवढंच आपल्या सगळ्यांच्या मनात पक्कं बसलंय. आई म्हणजे नुसती वाहक. तिचं रक्त कोण तपासणार? वास्तविक अशा वाहक बायकांपैकी साधारण एक तृतीयांश जणींचा फॅक्टर स्वतःचाच कमी असतो. काहींचा इतका कमी, की २०२१ साली या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेने फॅक्टर ४० टक्क्यांच्या खाली असलेल्या बाईला ‘वाहक’ न म्हणता हिमोफिलियाची रुग्णच म्हणावं असं ठरवलं. आमच्याकडे मात्र मुलाची फाइल जाडजूड आणि आईच्या नावाने एक कागद नाही, अशी घरं आहेत. हीच आई पुढच्या खेपेला बाळंतपणाच्या टेबलावर जाते.

हिमोफिलियाच्या पलीकडेही बरंच काही आहे. वॉन विलिब्रँडचा आजार बाई आणि पुरुष दोघांना होतो, आणि रक्तस्रावाच्या आनुवंशिक आजारांत सर्वांत जास्त आढळणारा तोच. त्याच्या पुढे खरे दुर्मीळ आजार येतात. फॅक्टर ७, १०, ११ किंवा १३ ची कमतरता, फायब्रिनोजेन नसणं, ग्लान्झमनचा आजार, ज्यात प्लेटलेट भरपूर असतात पण एकमेकींना चिकटत नाहीत. यांतले बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच पुरते उमटतात, म्हणून मुलगी आणि मुलगा दोघांच्याही वाट्याला सारखेच येतात. जगात फॅक्टर १३ ची तीव्र कमतरता वीस लाखांत एकाला, फॅक्टर ७ ची पाच लाखांत एकाला, असं पुस्तकं सांगतात. जिथे नात्यात लग्नं होतात तिथे हे प्रमाण वाढतं. आणि आमच्याकडे मामाची मुलगी करून आणणं ही चांगली रीत समजली जाते. दख्खनमधली ही पद्धत इरावती कर्वे यांनी १९५३ मध्येच भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहे. रूढीला नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. दुष्काळी मुलखात जमीन आणि माणसं जवळ ठेवायची गरज त्या रूढीमागे होती. पण सरकारदरबारी ‘अतिदुर्मीळ’ म्हणून जो आजार बाजूला सारला जातो तो आमच्या एखाद्या भावकीत दोन-तीन घरांत सापडू शकतो, एवढं ध्यानात घ्यावं.

वॉन विलिब्रँडच्या आजाराची नोंद एका मुलीमुळेच झाली. फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवरची योर्दिस नावाची पाच वर्षांची पोर १९२४ मध्ये हेलसिंकीला डॉ. एरिक वॉन विलिब्रँड यांच्याकडे आणली गेली. तिच्या काही बहिणी रक्त जाऊनच दगावल्या होत्या. मुलींना कसा होतो हा आजार, या प्रश्नाने डॉक्टर अस्वस्थ झाले, त्यांनी सगळ्या घराण्याची वंशावळ काढली आणि १९२६ मध्ये निबंध लिहिला. योर्दिस वाचली नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतच, ऐन पौगंडावस्थेत, पाळीच्या रक्तस्रावाने ती गेली. त्या निबंधाला आता शंभर वर्षं होत आली, आणि तरीही ‘पोरीला पाळी जास्त जाते’ या तक्रारीवर आमच्याकडे मिळणारं उत्तर बदललेलं नाही: वयात आलीय, होतं असं, लग्नानंतर सगळं नीट होईल.

आमच्या ओळखीतल्या एका घरातलं सांगते. गाव सांगत नाही, दवाखानाही सांगत नाही. मुलगी जन्मली तेव्हा नाळ गळून पडल्यावर बेंबीतून रक्त झिरपत राहिलं. आजीने हळद दाबली, मग दवाखान्यात टाका घातला. दुधाचा दात पडला की उशी लाल. मोठी झाली, लग्न झालं, दिवस गेले की गर्भ पडायचा. एकदा गर्भ पडल्यावर पिशवी साफ केली. त्या दिवशी रक्त बेताचं गेलं, घरी सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगावरून जे सुरू झालं ते थांबेना. रक्ताच्या बाटल्या चढवल्या. सगळे रिपोर्ट नॉर्मल येत होते. शेवटी एका तरुण डॉक्टरने तिच्या आईला विचारलं, ‘हिची नाळ पडली तेव्हा काय झालं होतं?’ या एका प्रश्नावरून तपासणीची दिशा बदलली, नमुना मुंबईला गेला आणि फॅक्टर १३ ची कमतरता निघाली. पुढच्या खेपेला तिला गरोदरपणात दर काही आठवड्यांनी क्रायोप्रेसिपिटेट हा रक्तघटक चढवला. आज तिचं लेकरू अंगणवाडीत जातं.

फॅक्टर १३ चं काम भिंतीतल्या चुन्याचं. बाकीचे फॅक्टर विटा रचतात, रक्त गोठल्यासारखं दिसतं, पण चुना नसला तर रचलेलं एक-दीड दिवसात ढासळतं. म्हणून टाके कोरडे दिसतात, डॉक्टर निर्धास्त होतात आणि बाई घरी गेल्यावर रक्त सुरू होतं. गर्भ धरून ठेवायलाही हा फॅक्टर आणि फायब्रिनोजेन लागतं. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला बेंबी, दात आणि जखमांबद्दल विचारायचं ते यासाठी.

आता त्या ‘नॉर्मल’ रिपोर्टांकडे येते, कारण माझ्या मते खरी फट तिथे आहे. तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही ऑपरेशनआधी बीटी-सीटी करतात. बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला सुई टोचायची, दर अर्ध्या मिनिटाने टिपकागद टेकवायचा आणि कागदावरचा लाल ठिपका केव्हा उमटेनासा होतो ते पाहायचं. सीटीसाठी काचेच्या बारीक नळीत रक्त घ्यायचं, ठरावीक वेळाने नळीचा तुकडा मोडायचा आणि दोन तुकड्यांमध्ये रक्ताचा धागा ताणला जातो का ते बघायचं. टेक्निशियनचा हात, सुईची खोली, त्या दिवशीचा उकाडा, सगळ्यावर आकडा हलतो. सौम्य हिमोफिलियात सीटी नॉर्मल येऊ शकतो. फॅक्टर १३ नसताना दोन्ही नॉर्मल येतात. वॉन विलिब्रँडमध्येही हा कागद बऱ्याचदा स्वच्छ असतो. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांनी ऑपरेशनआधी सरसकट बीटी-सीटी करण्याला केव्हाच उपयोगशून्य ठरवलं आहे. आमच्याकडे ती फाइलमध्ये लागतेच, आणि ‘बीटी-सीटी नॉर्मल’ हे शब्द वाचले की पुढे कुणी काही विचारत नाही.

त्यापेक्षा चार साधे प्रश्न जास्त काम करतात. पाळीत मोठ्या गाठी पडतात का, दिवसात किती वेळा कापड बदलावं लागतं? दात काढल्यावर, कान टोचल्यावर, गोंदवल्यावर रक्त लवकर थांबलं नाही, असं कधी झालंय का? जन्मल्यावर बेंबीतून रक्त गेलं होतं का? माहेरच्या कुणा बाईचा बाळंतपणात रक्त जाऊन मृत्यू झाला का, किंवा कुणा पोराचे सांधे सुजायचे का? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सासूला माहीत नसतं. ते आईला, मावशीला विचारावं लागतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली पद्धत आहे म्हणून हे जमण्यासारखं आहे. माहेरची सगळी जाणती माणसं तेव्हा बाईच्या उशाशीच असतात.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लाल स्टिकर लागतो. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, आधीचं सिझर हे सगळं तिथे बघितलं जातं. माझी पहिली मागणी एवढीच, की त्या कार्डावर हे चार प्रश्न छापून टाका. नवा कर्मचारी लागत नाही, यंत्र लागत नाही. एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं तरी लाल स्टिकर लावा आणि बाईला पुढे पाठवा.

पाठवायचं कुठे, आणि नेमकं कशाला, हेही स्पष्ट लागेल. पुढची तपासणी पीटी आणि एपीटीटीची, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजण्याची. फॅक्टर ७ कमी असेल तर पीटी लांबतो, ८ किंवा ९ कमी असेल तर एपीटीटी. दोन्ही नॉर्मल आणि तरी रक्ताची कहाणी पक्की असेल, तर वॉन विलिब्रँड, फॅक्टर १३ आणि प्लेटलेटच्या कामाची तपासणी. यासाठीचं रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. नळीत आधीच सायट्रेटचं द्रावण असतं आणि रक्त खुणेपर्यंत तंतोतंत भरावं लागतं. अर्धी नळी भरली की रिपोर्ट चुकतो. नमुना साधारण चार तासांत लॅबमध्ये फिरवून त्यातला प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. म्हसवडमध्ये सकाळी काढलेली नळी एसटीच्या कंडक्टरच्या हाती देऊन साताऱ्याला पाठवली आणि तिथे तासभर टेबलावर पडून राहिली, तर तिच्यातून निघालेल्या आकड्यावर एखाद्या बाईचं सिझर बेतणं हा जुगार आहे. म्हणून एक तर बाईलाच साताऱ्याला न्या, १०२ ची गाडी असतेच, नाही तर तालुक्यात प्लाझ्मा वेगळा करून गोठवायची सोय करा. दुर्मीळ फॅक्टरच्या तपासण्यांसाठी मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. आयसीएमआरची ही संस्था १९५७ पासून रक्ताच्या विषयात काम करते, तिथले लोक या आजारांतले जाणकार आहेत. साताऱ्याच्या केंद्रातून तिथे ठरल्या वारी गोठवलेले नमुने जातील अशी व्यवस्था आपण आदेशाने करू शकता.

शक्य झालं तर हे सगळं गरोदरपणाआधी व्हावं. गरोदर बाईच्या रक्तात फॅक्टर ८ आणि वॉन विलिब्रँड फॅक्टर आपोआप वाढतात, त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यात केलेली तपासणी आजार झाकून टाकू शकते. फॅक्टर ९ तसा वाढत नाही, १३ उलट उतरतो. ज्या घरात हिमोफिलियाचा मुलगा आधीच केंद्रात येतो, त्याच्या आईची, बहिणींची, मावशांची तपासणी त्याच्याच फाइलवरून आजच करता येईल. शोधायला कुठे जायला नको, त्या पोराला घेऊन केंद्राच्या बाकावर बसलेल्या असतात.

निदान झालं की पुढचं बाळंतपण आंधळेपणाने होता कामा नये. आठव्या महिन्याच्या आत एक पानभर योजना लिहून बाईच्या हातात पडली पाहिजे, मराठीत, डॉक्टरच्या सहीने, आणि तिची प्रत तालुक्याच्या ठिकाणी दहिवडीला आणि साताऱ्याला. त्या पानावर काय असावं? बाळंतपण कुठे होणार. फॅक्टरची पातळी किती आहे आणि कळा सुरू झाल्यावर ती कितीपर्यंत न्यायची. हिमोफिलियाच्या वाहक बाईसाठी आणि वॉन विलिब्रँडच्या बहुतेक बायकांसाठी ती निदान ५० टक्के असावी आणि नॉर्मल डिलिव्हरीनंतर किमान ३ दिवस, सिझरनंतर किमान ५ दिवस टिकवावी, असं तज्ज्ञ सांगतात. तेवढी पातळी नसेल तर पाठीत सुई घालून भूल द्यायची नाही, कारण मणक्याच्या आत रक्त साठलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. कुल्ल्यावर इंजेक्शन नाही. डायक्लोफिनॅक नाही, ॲस्पिरिन नाही, दुखण्यावर पॅरासिटामॉल. या दोन ओळी मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘कंबर दुखते’ म्हटलं की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन ही आपल्याकडे सगळीकडचीच सवय आहे.

बाळाचीही बाजू आहे. हिमोफिलिया पोटातल्या मुलाला असेल तर व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून ओढल्याने डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. काही देशांत वाहक बाईच्या पोटात मुलगा आहे की मुलगी हे आधी पाहून डॉक्टर बाळंतपणाची तयारी ठरवतात. आपल्याकडे गर्भाचं लिंग सांगायला बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे. असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, महाराष्ट्रानेच केला याचा मला अभिमान आहे. त्याचा अर्थ मात्र हा, की आपल्या राज्यात प्रत्येक वाहक बाईचं बाळंतपण ‘पोटातल्या बाळाला आजार आहे’ असं धरूनच झालं पाहिजे. ओढाताण नाही, फार लांबलेल्या कळा नाहीत, वेळीच सिझर. जन्मल्याबरोबर नाळेतलं रक्त तपासणीला घ्यायचं. रिपोर्ट येईपर्यंत बाळाला मांडीत इंजेक्शन द्यावंच लागलं तर बारीक सुईने, आणि नंतर बराच वेळ बोटाने दाबून धरायचं. नर्सताईंना हे एकदा दाखवलं की त्या विसरत नाहीत.

बाळंतपण पार पडलं, पेढे वाटले, गाडी करून सगळे घरी आले. खरी कसोटी इथून पुढे सुरू होते आणि सरकारी यंत्रणेचं लक्ष नेमकं इथेच सुटतं. गरोदरपणात वाढलेले फॅक्टर बाळंतपणानंतर काही दिवसांत उतरू लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत पहिल्या जागी येतात. म्हणजे धोका बारशाच्या सुमाराला. तेव्हा बाई शेकशेगडीच्या खोलीत असते, आणि अंगावरून जास्त जातंय म्हटलं तर ‘बाळंतिणीचं जातंच, घाण निघून जाऊ दे’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांचा त्यात वाईट हेतू नसतो. त्यांच्या आयुष्यात त्यांना दुसरं कुणी काही सांगितलेलंच नाही. नवजात बाळाला पाहायला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. या तारखा जणू या आजारासाठीच आखल्यासारख्या आहेत. त्या भेटीच्या फॉर्ममध्ये आईच्या रक्तस्रावाचा प्रश्न ठळक करा, आणि लाल स्टिकरवाल्या बाईसाठी आशाताईंच्या फोनमध्ये साताऱ्याच्या केंद्राचा एक नंबर असू द्या, रात्रीही उचलला जाणारा.

ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध उताको ओकामोतो या जपानी शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या पतीबरोबर साठच्या दशकात शोधलं, तेच मुळी बाळंतपणात मरणाऱ्या बायका डोळ्यांपुढे ठेवून. २०१७ मध्ये २१ देशांतल्या वीस हजारांवर बायकांवरच्या चाचणीत दिसलं, की रक्तस्राव सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत हे दिलं तर रक्त जाऊन होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने घटतात. औषध स्वस्त आहे, साध्या कपाटात राहतं. आनुवंशिक आजाराच्या बहुतेक बायकांना ते फॅक्टरच्या जोडीला आणि घरी गेल्यावर गोळ्यांच्या रूपात उपयोगी पडतं. माणमधल्या एकाही आरोग्य केंद्रात ते संपलेलं असू नये, आणि वर्धनगडचा घाट चढणाऱ्या रुग्णवाहिकेत पहिला डोस गाडी हलण्याआधी गेलेला असावा.

ऑपरेशनांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथेही मूळ दुखणं तेच. आमच्याकडच्या बाईच्या आयुष्यातलं पहिलं ऑपरेशन बऱ्याचदा कुटुंब नियोजनाचं असतं आणि ते शिबिरात होतं. तिथेही तेच चार प्रश्न विचारले जावेत. दुसरं ऑपरेशन पिशवी काढण्याचं. पाळी अंगावर जाते म्हणून तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या बायका ऊसतोडीच्या टोळ्यांमध्ये किती आहेत, हे २०१९ मध्ये बीडच्या निमित्ताने सगळ्या राज्याने पाहिलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समितीही नेमली. त्या चर्चेत ठेकेदार आले, दवाखान्यांची लूट आली, मजुरी बुडण्याची भीती आली, आणि ते सगळं खरंच होतं. पण जास्त पाळी जाणाऱ्या बायकांपैकी काहींच्या रक्तातच दोष असतो, हे त्या वेळी कुठे फारसं बोललं गेल्याचं मला आठवत नाही. तशा बाईची पिशवी काढायला घेणं म्हणजे तिला आणखी मोठ्या रक्तस्रावाच्या तोंडी देणं.

आता पिशव्यांबद्दल, म्हणजे रक्ताच्या. क्रायोप्रेसिपिटेटमध्ये फायब्रिनोजेन, फॅक्टर ८, वॉन विलिब्रँड आणि १३ मिळतात. फॅक्टर ७, ९ किंवा १० साठी ते उपयोगाचं नाही, तिथे त्या-त्या फॅक्टरचं औषध किंवा प्लाझ्मा लागतो. ग्लान्झमनच्या बाईला प्लेटलेट लागतात आणि त्या जेमतेम ५ दिवस टिकतात. निदानाचा कागद हातात नसेल तर मध्यरात्री नातेवाईक ‘रक्त आणा’ एवढंच ऐकून धावतात आणि आजाराशी संबंध नसलेली पिशवी घेऊन येतात. क्रायो गोठवलेलं वर्षभर राहतं, पण एकदा वितळवलं की चार-सहा तासांत संपवावं लागतं. म्हणून ज्या तालुक्यात अशी बाई नोंदलेली आहे, तिच्या तारखेच्या आसपास तिच्या नावाचा साठा जिल्ह्याच्या रक्तपेढीत राखून ठेवणं हाच मार्ग आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून बाळंतिणीला रक्त मोफत केलं. त्याच न्यायाने तिला लागणारा फॅक्टर, कुठल्याही क्रमांकाचा असो, मोफत आणि वेळेवर मिळाला पाहिजे. राज्याच्या खरेदीच्या यादीत ८ आणि ९ च्या खाली दुर्मीळ फॅक्टरांच्या ओळी वाढवा. रुग्ण थोडे आहेत म्हणून खर्चही थोडाच आहे.

एक गोष्ट दिल्लीत मांडावी लागेल, ती आपण मांडावी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये हिमोफिलियाला जागा मिळाली, हे मोठंच काम झालं. पण त्या कायद्याच्या परिशिष्टातली व्याख्या सांगते, की हा आजार सहसा पुरुषांना होतो आणि बायका तो मुलग्यांपर्यंत पोचवतात. वॉन विलिब्रँडचं, फॅक्टर १३ चं, ग्लान्झमनचं तिथे नाव नाही. मी वर सांगितलेली बाई, जिला आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्तघटक घ्यावा लागणार, ती प्रमाणपत्र मागायला गेली तर तिला कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्न पडतो. व्याख्या दुरुस्त व्हावी म्हणून महाराष्ट्राने केंद्राला लिहावं.

आणखी एक अडचण खास आमच्या मुलखाची. आटपाडी, खानापूर, माण या पट्ट्यातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. बाई गरोदर राहते परमुलखात, सोनोग्राफी तिकडची, कागद तिकडच्या भाषेत, आणि सातव्या महिन्यात माहेरी येते. मेंढरामागे फिरणाऱ्या घरांचंही तसंच. सांगलीच्या हद्दीतल्या आटपाडीच्या बाईला मिरज जवळ, म्हसवडच्या बाईला सातारा, पण माहेर-सासरची ये-जा जिल्ह्याची हद्द पाहून होत नाही. म्हणून तिची नोंद जिल्ह्यापुरती न राहता राज्याची असावी, आणि मिरजेत, साताऱ्यात, सोलापुरात उघडली तरी तेच पान दिसावं.

म्हसवडच्या बायका कागद सांभाळण्यात कमी नाहीत. १९९७ पासून त्या इथे स्वतःची बँक चालवताहेत. त्यांच्या हातात ते एक पान द्या, त्या ते पासबुकाशेजारी ठेवतील आणि कळा आल्यावर आधी तेच पिशवीत घालतील.

साताऱ्याच्या केंद्रात महिन्यातला एक दिवस बायकांसाठी ठेवा. त्या दिवशी रक्ताच्या डॉक्टरांबरोबर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एका खोलीत बसतील एवढं पाहा. जिल्हा रुग्णालयाला जोडून आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तेव्हा माणसं नाहीत असं म्हणता येणार नाही. ९ तारखेनंतरचा कुठलाही वार चालेल, म्हणजे तालुक्यात लाल स्टिकर लागलेली बाई त्याच महिन्यात तिथे पोचेल. येत्या १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिनी, या दिवसाची सुरुवात व्हावी अशी विनंती आहे. आपण आलात तर आमच्याकडच्या काही आया आणि लेकी आपल्या फायली घेऊन तिथे हजर राहतील. त्या बोलायला तयार आहेत, मी त्यांना विचारून हे लिहिते आहे.

कळावे,

आपली,
म्हसवडची एक रहिवासी
ता. माण, जि. सातारा